मापाने बनवून घेतलेलं कपाट: आतलं सामान निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटाची चौकट लवकर ठरते. लोक अडतात ते आतल्या सामानापाशी. कॅटलॉग उघडला की त्यातली प्रत्येक वस्तू हवीशी वाटते, आणि वर्षभराने बघावं तर ओढायच्या रॅकवर घडीचे कपडे रचून ठेवलेले असतात. खालचे प्रश्न कपाट बनवून घेणाऱ्यांकडून मला पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापं प्रौढांच्या साधारण कपड्यांची आहेत, तेव्हा स्वतःच्या कपड्यांना टेप लावून ती एकदा ताडून घ्या.

१. अ‍ॅक्सेसरीज म्हणजे नेमकं काय? रॉड आणि ड्रॉवरही त्यात धरायचे का?

हो. चौकट, मागची पाठ आणि दारं सोडून आत जे बसतं ते सगळं यात आलं: रॉड, फळ्या, ड्रॉवर आणि त्यांचे चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या), ट्रे, बास्केट, हुक, दिवे, आरसा. विकताना हा शब्द बहुतेक वेळा फक्त बाहेर ओढायच्या चकचकीत वस्तूंसाठी वापरतात. त्यामुळे रोज सगळ्यात जास्त काम करणारा रॉड आणि चॅनेल निवडीतून सुटतात आणि सुतार जे आणेल ते बसतं.

२. निवड कुठून सुरू करू?

कपडे मोजण्यापासून. सगळं बाहेर काढा आणि ढीग करा: टांगायचं लांब, टांगायचं आखूड, घडीचं, आणि मोजे-पट्ट्यांसारखं बारीकसारीक. टांगायचे कपडे रॉडवर दाटी न करता लावले तर शर्टाला पातळ हँगरवर अडीच-तीन सेंमी लागतात, ब्लेझरला पाच-सहा, जाड कोटाला सात-आठ. बेरीज केली की किती लांबीचा रॉड हवा ते कळतं. घडीच्या कपड्यांचा ढीग २५-३० सेंमीच्या वर गेला की खालचा कपडा ओढताना सगळा कोसळतो, म्हणून दोन फळ्यांमधलं अंतर त्याच हिशेबाने धरा.

यानंतर कॅटलॉग उघडा आणि प्रत्येक वस्तूबद्दल दोनच गोष्टी विचारा. हिच्यामुळे माझी रोजची एखादी ओणवं होण्याची, चाचपडण्याची, चढण्याची हालचाल वाचते का? किंवा हिच्यामुळे एखादा कपडा खराब व्हायचा वाचतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी सोडून द्या. शिवाय सरकणारी प्रत्येक वस्तू स्वतःसाठी जागा खाते. बाजूला बसणारा बॉल बेअरिंगचा चॅनेल ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना जवळपास १३-१३ मिमी घेतो, शिवाय ड्रॉवरच्या स्वतःच्या बाजू आल्या. अरुंद खणात हा तोटा चांगलाच जाणवतो.

३. पैसे मोजकेच आहेत. आधी काय घ्यावं आणि नंतरसाठी काय ठेवावं?

ज्याला रोज हात लागतो आणि जे नंतर बदलायला कपाट उकलावं लागतं, त्यावर आधी खर्च करा. माझ्या मते क्रम असा: चांगल्या बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, मजबूत रॉड, आणि दिव्यासाठी वायर नेण्याची सोय. दिवा नंतर आणता येतो, पण बंद पाठीमागून वायर नंतर ओढणं फार त्रासाचं होतं. ट्रे, दुभाजक, हुक, टाय रॅक, शू रॅक हे सगळं वर्षभर कपाट वापरल्यावरही घेता येतं. तोपर्यंत काय खरंच हवं आहे तेही कळलेलं असतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. बाजूच्या पाट्यांवर फळीच्या टेकूसाठी उभ्या ओळीत भोकं पाडून घ्या: ५ मिमी व्यासाची, एकमेकांपासून ३२ मिमी अंतरावर, पुढची ओळ कडेपासून ३७ मिमी आत. फर्निचरच्या धंद्यात हे माप रुळलेलं आहे आणि पुष्कळ चॅनेल व बिजागऱ्यांच्या प्लेटा याच अंतराला धरून बनतात. यामुळे फळी वर-खाली करता येते आणि नंतर घेतलेलं सामान नव्याने छिद्रं न पाडता बसतं. कपाटातल्या कोणत्याही सामानापेक्षा या भोकांचा उपयोग जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

४. रॉड तर साधी गोष्ट आहे. त्यात निवडायचं काय?

उंची, लांबी आणि आडवा छेद, तिन्ही.

शर्ट, ब्लेझर, दुमडून टांगलेली पँट यांना रॉडखाली १०० ते १०५ सेंमी पुरतात. पूर्ण लांबीने टांगलेल्या पँटला १२०, आणि पायघोळ कपडे व ओव्हरकोट यांना १५० ते १६०. बहुतेकांकडे आखूड कपडेच जास्त निघतात, म्हणून एकावर एक दोन रॉड ही सगळ्यात फायद्याची मांडणी ठरते. लांब कपड्यांना एखादा अरुंद खण पुरतो. रॉड आणि त्याच्या वरची फळी यांत ५-६ सेंमी मोकळे सोडा, नाहीतर हँगर उचलून काढता येत नाही.

लांबीचं म्हणाल तर ९०-१०० सेंमीच्या पुढे मधोमध आधार हवाच. जाड कोट दीड-दोन किलोचा सहज भरतो, आणि असे कपडे दाटीने लावलेला एक मीटर रॉड वीस किलो किंवा त्याहून जास्त वजन पेलत असतो. लंबगोल छेदाचा रॉड उभ्या बाजूने जास्त खोल असतो, त्यामुळे तेवढ्याच पत्र्यात तो कमी वाकतो. गोल रॉड घेतलात तर २५ मिमी व्यासाचा आणि जाड पत्र्याचा घ्या. रॉडच्या टोकांचे सॉकेट स्क्रूने नीट पकडले आहेत ना हेही बघा, कारण मी पाहिलेल्या पडलेल्या रॉडांपैकी बहुतेक वाकून पडले नव्हते, त्यांचे सॉकेट सुटले होते.

५. हँगरवर वेगळा खर्च करण्यात अर्थ आहे का?

आहे. सगळे एकाच जातीचे, एकाच उंचीचे हँगर घेतले की रॉडवर जागा निघते आणि कपडे एका रेषेत दिसतात. सटकणाऱ्या कापडाला मखमली आवरणाचे पातळ हँगर, कोट-ब्लेझरला खांद्याशी रुंद लाकडी हँगर. विणलेले लोकरी कपडे टांगूच नका. स्वतःच्या वजनाने ते लांबतात आणि खांद्यावर टोकं येतात. त्यांची जागा फळीवर किंवा उथळ ड्रॉवरमध्ये.

६. वरचा रॉड खाली ओढता येतो असा पुल-डाउन रॉड घ्यावा का?

छतापर्यंतचं कपाट असेल आणि वरचा रॉड हाताला येत नसेल तर घ्यावा. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, वजनाची मर्यादा: नेहमीच्या प्रकारात ती ८ ते १५ किलोच्या आसपास असते, म्हणजे हलके शर्ट चालतील, हिवाळी कोटांची रांग नाही. दुसरी, दोन्ही बाजूंच्या यंत्रणेपायी रॉडची वापरायची लांबी कमी होते. अरुंद खणात हा रॉड बसवून हाती फारसं काही लागत नाही. वरच्या जागेत वर्षातून दोनदाच लागणारे कपडे ठेवणार असाल तर साधी फळी आणि झाकणाचे खोके बरे.

७. पँटसाठी ओढायचा रॅक छान दिसतो. घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. ६० सेंमी रुंदीच्या रॅकवर साधारण नऊ-दहा पँट मावतात. तेवढ्याच रुंदीच्या साध्या रॉडवर हँगरला घडी घालून पंधराच्या वर सहज राहतात. रॅकवर मधली पँट काढताना शेजारची घसरते हेही आहेच. मात्र दोन परिस्थितींत मी तो सुचवतो. एक म्हणजे रॉडखाली ६०-७० सेंमीचीच उंची उरली असेल, आणि दुसरी म्हणजे इस्त्रीच्या ठरावीक सात-आठ पँट रोज आलटून पालटून वापरल्या जात असतील.

८. ड्रॉवर, जाळीची बास्केट की उघडी फळी?

आतले कपडे, मोजे, खेळाचे कपडे, लहान वस्तू यांना ड्रॉवर. त्याची आतली उंची १२ ते १८ सेंमी पुरे. खोल ड्रॉवरमध्ये तळाचा कपडा विसरलाच जातो. टी-शर्ट, जीन्स, स्वेटर यांना फळी चालते, पण डोळ्यांच्या उंचीच्या खालीच. गुडघ्याखालची फळी ही फळी नसावी, तिथे ड्रॉवर किंवा बास्केट हवी, कारण मागचं काढायला माणसाला वाकून आत शिरावं लागतं. बास्केटमध्ये हवा खेळते आणि आत काय आहे ते दिसतं, पण नाजूक विणीवर जाळीच्या खुणा उमटतात, म्हणून तळाला कापडी चटई घाला.

चॅनेल पूर्ण उघडणारा घ्या. पाऊण उघडणाऱ्या चॅनेलमध्ये मागचा चौथा भाग कायम अंधारात राहतो. ३५ किलोची क्षमता घरातल्या कपड्यांना बहुधा पुरते. ड्रॉवर ८०-९० सेंमी रुंद असेल तर ४५ किलोचा घ्या. सॉफ्ट क्लोज, म्हणजे ड्रॉवर शेवटी आपोआप हळू मिटणं, ही चैन नाही. आदळणं थांबल्याने स्क्रूंची पकड वर्षानुवर्षं टिकते.

फळीबद्दल एक इशारा: १८ मिमीच्या बोर्डाची फळी ८० सेंमीच्या आतच ठेवा. कपडे फळीभर सारख्याच दाटीने रचलेले असले, तर फळीची लांबी दुप्पट केल्यावर ती सोळापट वाकते. मग दुप्पट जाडीची फळी लावून भागत नाही, कारण दुप्पट जाडीने वाक आठपटच कमी होतो. मध्ये उभी पाटी देणं हाच उपाय.

९. दागिने, घड्याळं, पट्टे, टाय यांच्यासाठी काय घ्यावं?

पट्ट्यांना दाराच्या आतल्या अंगाला चार-सहा हुक. ओढायचा पट्टा-रॅक याहून जास्त काही देत नाही. टाय रोज लागत असतील तरच टाय रॅक.

दागिन्यांचा ट्रे मात्र मनापासून सुचवेन. कमरेच्या किंचित वर, वरच्या ड्रॉवरमध्ये, ५-७ सेंमी उंचीचा. कप्पे बदलता येणारे घ्या. चांदी असेल तर अस्तर लोकरीच्या फेल्टचं नको, कारण लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी काळवंडते. मौल्यवान वस्तूंसाठी छोटी तिजोरी बसवणार असाल तर तिला पाठीच्या पातळ बोर्डावर न अडकवता भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पकडा. नाहीतर ती अख्खी उचलून नेता येते.

१०. बुटांचा कप्पा कपाटातच ठेवावा का, आणि किती मोठा?

कोरडे, पुसलेले आणि रोज न लागणारे जोड कपाटात चालतात. रोजचे दाराशीच राहू द्या. एका जोडाला २० ते २२ सेंमी रुंदी, ३० ते ३३ सेंमी खोली आणि सपाट बुटाला १५ सेंमी उंची धरा. तिरकी फळी बूट दाखवायला छान असते, पण उंची जास्त खाते. कपाटाची आतली खोली ६०-६६ सेंमी असेल तर ओढायची फळी घ्या, मागे-पुढे दोन रांगा बसतात.

११. आत दिवा खरंच लागतो का? कोणता घ्यावा?

लागतो. काळा आणि गडद निळा यांतला फरक खोलीच्या छतावरच्या दिव्यात कळत नाही, कारण कपाटापुढे उभं राहिल्यावर तुमचीच सावली आत पडते. म्हणून एलईडीची पट्टी मागच्या पाठीला लावू नका. ती पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, तोंड आत करून लावा. तशी लावली की कपड्याच्या तुम्हाला दिसणाऱ्या बाजूवर उजेड पडतो आणि डोळ्यांत जात नाही.

रंगतापमान ४००० केल्विनच्या आसपास ठेवलं तर रंग फार पिवळे दिसत नाहीत. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय, रंग किती खरे दिसतात याचं माप. तो ९० किंवा त्याच्या वर मागा. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत, वर दुधी आवरण लावून बसवली की ठिपके दिसत नाहीत आणि उष्णताही निघून जाते. हॅलोजनचे दिवे कपड्यांच्या जवळ अजिबात नकोत, ते फार तापतात.

दार उघडल्यावर लागणारा स्विच हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरपेक्षा भरवशाचा. एखादा ड्रेस निवडत तुम्ही स्तब्ध उभे राहिलात तर सेन्सरचा दिवा विझतो. पट्टीचा ड्रायव्हर (तिला लागेल तशी वीज पुरवणारा छोटा डबा) हात पोहोचेल आणि हवा लागेल अशा ठिकाणी ठेवायला सांगा. तो पाठीमागे बंद करून टाकलेला असला तर बिघडल्यावर कपाट फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. वायर न्यायची सोयच नसेल तर चार्ज होणारी चुंबकाची पट्टी घ्या, तीही चांगलं काम देते.

१२. आरसा दाराच्या आत, बाहेर, की ओढून काढायचा?

पूर्ण प्रतिबिंब दिसायला आरशाची उंची तुमच्या उंचीच्या निम्मी असली तरी भागते, फक्त तो योग्य उंचीवर लावावा लागतो: वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मधोमध येईल अशी. घरात वेगवेगळ्या उंचीची माणसं असतात म्हणून १२० सेंमी सोयीचं. वजन लक्षात घ्या. काच दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे १२० बाय ४० सेंमीचा, ४ मिमी जाडीचा आरसा जवळपास पावणेपाच किलोचा. तो दाराला लावणार असाल तर एक बिजागरी वाढवा, आणि फुटल्यास तुकडे पडू नयेत म्हणून मागे सेफ्टी फिल्म असलेला घ्या. ओढून फिरवायचा आरसा दार सरकतं असेल तेव्हा उपयोगी, पण त्याच्या जागेची अट प्र. १५ मध्ये वाचा.

१३. मळक्या कपड्यांची टोपली किंवा इस्त्रीचा बोर्ड आत बसवू का?

टोपलीला माझा विरोध आहे. घामाने ओलसर कपडे आणि धुतलेले कपडे एका बंद हवेत राहतात. जागाच नसेल तर वेगळा खण, वेगळं दार आणि दाराला हवेची जाळी. दुमडायचा इस्त्री बोर्ड मात्र, शेजारी प्लग असेल आणि रोज एक-दोन कपडेच इस्त्री करायचे असतील, तर फार सोयीचा.

१४. कपाटात दमट वास येतो, बुरशी धरते, कसर लागते. यासाठी कोणतं सामान आहे?

आधी कारण शोधा. कपाट बाहेरच्या थंड भिंतीला चिकटून असेल तर पाठीमागे ओल धरते. भिंतीपासून दोन-तीन सेंमी अंतर आणि वर-खाली हवेची फट ठेवली तर पुष्कळ वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, म्हणून एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. स्वस्त असतो आणि अंदाज थांबतात.

सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येतं, पण ते बंद ड्रॉवरपुरतंच उपयोगी. मोठ्या कपाटात त्याचा प्रभाव पडत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल जास्त ओढतात, मात्र त्यात साठलेलं खारं पाणी सांडलं तर चामडं आणि धातू खराब होतात. डबा सगळ्यात खालच्या फळीवर, कडा असलेल्या ताटलीत ठेवा.

कसर म्हणून आपण जी म्हणतो ती बऱ्याचदा कापडी पतंगाची अळी असते. ती लोकर, रेशीम, फर खाते, आणि घामाचे डाग असलेला कपडा तिला आवडतो. म्हणून कपडा धुऊन, पूर्ण वाळवूनच वर्षभरासाठी ठेवा. घट्ट झाकणाचा डबा हे सगळ्यात खात्रीचं सामान. देवदारासारख्या सुगंधी लाकडाच्या ठोकळ्यांवर फार विसंबू नका. त्यातलं तेल उडतं, आणि मग पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग ताजा करावा लागतो. डांबरगोळ्या मी सुचवत नाही. त्यांतलं नॅफ्थलीन बाळांना, विशेषतः जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना, घातक ठरू शकतं. त्यांत ठेवलेले कपडे बाळाला तसेच घालू नयेत.

१५. दारं सरकती आहेत. निवड बदलते का?

बरीच. दोन सरकत्या दारांचं कपाट एका वेळी निम्मंच उघडतं, आणि दोन्ही दारं मध्ये काही सेंमी एकमेकांवर चढतात. त्या पट्ट्यात ड्रॉवरची कड आली तर ड्रॉवर उघडतच नाही. म्हणून ड्रॉवर आणि ओढायची प्रत्येक वस्तू उघडलेल्या दाराच्या मोकळ्या रुंदीच्या पूर्ण आत बसायला हवी. दाराच्या रुळांपायी कपाटाच्या खोलीतले ८-१० सेंमी जातात, तेव्हा कपाटाची बाहेरून खोली ६५ सेंमी धरा. दाराच्या आत हुक, आरसा असलं काही लावता येत नाही. ओढायचा आरसा घ्यायचा झाला तर तो कडेच्या भिंतीलगत लावा.

१६. बिजागरीचं दार असूनही आतला ड्रॉवर दाराला घासतो. चूक कुठे?

नेहमीची बिजागरी पूर्ण उघडल्यावरही दार थोडं आतल्या मोकळ्या जागेत राहतं. ड्रॉवर चौकटीला अगदी लागून असेल तर तो दाराला किंवा बिजागरीला अडतो. कपाट बनण्याआधी कळलं तर त्या बाजूला दोन ते पाच सेंमीची भरण पट्टी द्या. कपाट तयार असेल तर बिजागरी बदलून १५५ किंवा १६५ अंश उघडणारी, दार पूर्ण बाहेर नेणारी घ्या. शेजारी भिंत असेल तर दार तेवढं उघडेल का ते आधी बघा. भिंतीवर आदळत असेल तर भरण पट्टीच करावी लागेल आणि ड्रॉवर तेवढा अरुंद करून घ्यावा लागेल.

१७. कपाटाची आतली खोली ४० सेंमीच आहे. कपडे टांगता येतील का?

आडव्या रॉडवर नाही. प्रौढ माणसाचा हँगर ४२ ते ४५ सेंमी रुंद असतो आणि बाही धरून ५५ तरी लागतात. अशा वेळी छताला किंवा फळीखाली बसणारा, पुढे ओढायचा रॉड घ्या. त्यावर कपडे तोंड समोर करून एकामागे एक राहतात. ४० सेंमी खोलीत दहा-बारा पातळ कपडे मावतात. उरलेली रुंदी घडीच्या कपड्यांना द्या, त्यांना ३५-४० सेंमीची खोली नेमकी असते.

१८. कपाट वापरणाऱ्यांत लहान मूल, वयस्कर माणूस किंवा व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असेल तर?

बसून हात पोहोचतो ती पट्टी साधारण जमिनीपासून ४० ते १२० सेंमी. त्या व्यक्तीचं रोजचं सगळं तिथेच हवं. पुल-डाउन रॉड (प्र. ६) इथे खऱ्या अर्थाने कामाचा, फक्त दांडा लांब आणि ओढायला हलका घ्या. गोल घुंडीपेक्षा आडवं, पूर्ण मूठ शिरेल असं हँडल बरं. मुलासाठी वेगळा छोटा रॉड घेण्याऐवजी मोठ्या रॉडवरून लटकणारा जादा रॉड लावा. मूल वाढलं की तो एक एक कडी वर घेता येतो. आणि कपाट भिंतीत बांधलेलं नसेल तर ते भिंतीला ब्रॅकेटने पकडलेलं असलंच पाहिजे. मूल उघड्या ड्रॉवरवर पाय ठेवून चढलं की भरलेलं कपाटही पुढे उलटतं.

१९. भाड्याच्या घरात आहे, पुढेमागे हलवावं लागेल. काय घेऊ?

स्क्रूने सुटणारं आणि मापात न अडकणारं: टेलिस्कोपिक (लांबी कमी-जास्त करता येणारा) रॉड, फळीवर चिमटणारे दुभाजक, चार्ज होणारी दिव्याची पट्टी, सुटे ट्रे, कापडी खोके. खणाच्या नेमक्या रुंदीला बनणारे रॅक आणि बास्केट घेऊ नका, पुढच्या घरी दोन सेंमीने अडतात. काढताना स्क्रू, टेकू आणि सॉकेट एका पिशवीत घालून त्याच सामानाला चिकटपट्टीने बांधून ठेवा.